शनिवारचं लोखंड

माणूस स्वतः बांधलेल्या घरात राहून, स्वतः काढलेलं पाणी पिऊन आणि स्वतः पिकवलेलं अन्न खाऊनच खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो. हे वाक्य आमच्या पत्रकाच्या माथ्यावर जाड टायपात छापलं होतं. ते मी लिहिलं. लिहिताना मी साताऱ्यात भाड्याच्या खोलीत बसलो होतो, तांब्यातलं पाणी घरमालकांच्या आडाचं होतं आणि समोरच्या वाटीतलं पिठलं शेजारणीने पाठवलं होतं. पिठलं चांगलं होतं. वाक्याबद्दल मला तेव्हाही थोडी शंका होती.

कल्पना मुळात वकिलांची. त्यांनी वकिली सोडली होती, असं ते सांगत. कोर्टातले लोक हीच हकिगत उलट क्रमाने सांगत. माणूस मात्र उत्साही होता. कुठेतरी चार एकर रान घ्यावं, तिथे दोन-चार कुटुंबांनी राहावं, धान्य, कापूस, तेल, भाजी, गूळ सगळं तिथेच करावं आणि बाजाराची पायरी चढू नये, असं त्यांचं म्हणणं. दोन-चार कुटुंबांपैकी प्रत्यक्षात आम्ही दोघंच निघालो. त्यांचं कुटुंब प्रकृतीच्या कारणाने साताऱ्यातच थांबलं आणि माझी बायको सांगलीला माहेरी गेली.

तिला मी शाळेतली नोकरी सोडल्याचं, सोडून झाल्यावर सांगितलं होतं. वर पत्रकही पाठवलं. तिचं पोस्टकार्ड आलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. 'वाक्य चांगले आहे. पाणी कुठे आहे? मोट चालू होऊन थारोळ्यात पाणी पडले की कळवावे, त्याच दिवशी निघेन. इथे मुलींच्या शाळेत एक जागा आहे. पाडव्यापर्यंत थांबायला बाई तयार आहेत. त्यानंतर मी ती घेणार, आणि घेतली की सोडणार नाही. मी आपल्यासारखी नाही.'

ती धमकी देत नसे. वार कळवावा तसं कळवत असे. म्हणून मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

रान मिळालं ते पलूस आणि कुंडल यांच्या मधल्या माळावर. देणारे एक पेन्शनर सुभेदार. खाली नदीकाठच्या मळईला त्यांचा ऊस होता, वरच्या माळावरचे हे चार एकर पडून होते. जो माणूस चार एकर फुकट देतो त्या चार एकरांत काहीतरी असणार, असं माझं मत होतं. पण त्यात खरोखरच काही नव्हतं. एक विहीर होती. विहिरीला पाणी होतं, लाकडी चाक होतं, चामड्याची जुनी मोट सुभेदारांच्या माळवदावर टांगलेली होती. बैल पळायची उतरती धाव ढासळली होती, पण ती हातांनी नीट करता येण्यासारखी होती. नव्हता तो फक्त कणा. म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो लोखंडी दांडा. लढाईत लोखंड दुर्मिळ झालं तेव्हा कुणीतरी तो रातोरात काढून नेला होता.

"कणा बसवा, पानी काढा, रान तुमचं," सुभेदार म्हणाले. "बैलं मी देतो, सावडीनं. तुमी दोगं माझ्या हळदीला या, माझी बैलं तुमच्या मोटंला येतील. पर पाडव्यापातुर पानी फिरलं पायजे. न्हाई फिरलं तर माझा पुतन्या टपून बसलाय, त्येला दीन. आपला हुकूम एकदाच असतो."

त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की पुतण्याला आधीच सांगून झालेलं असावं.

लोखंड विकत मिळत नव्हतं. परमिट लागे, आणि परमिट देणारा साहेब 'स्वावलंबी वस्ती' हे शब्द वाचून फार वेळ आमच्या तोंडाकडे बघत बसला. तेव्हा वकिलांनी ठरवलं की पैसा मागायचाच नाही, वस्तू मागायच्या. प्रत्येक घरी एखादं मोडकं अवजार, एखादं रोप, मूठभर बेणं असतंच. ते गोळा करायचं. सुभेदारांची एक बैलगाडी घेऊन आम्ही दिवाळीनंतर गावोगाव निघालो.

तो काळच असा होता, की दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाकडे कुणी माणूस म्हणून बघत नसे. कुठे तारा तुटत होत्या, कुठे रूळ उखडले जात होते. एका बाजूला भूमिगत मंडळी, दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि मध्ये धान्याची लेव्ही मोजणारे कारकून. आम्ही या तिघांपैकी कोण, एवढाच लोकांपुढे प्रश्न असे. चौथं उत्तर कुणी धरलंच नव्हतं.

"काय मोजाया आलासा?" एका बाईने पहिल्याच दारात विचारलं.

"काही मोजायचं नाही, बाई. जुनंपानं अवजार असलं तर द्या."

"कशापायी?"

वकिलांनी तिला स्वावलंबनाचं तत्त्व सांगितलं. ते नीट पाच मिनिटं बोलले. बाई सगळा वेळ दोन्ही हात कमरेवर ठेवून भिंतीला चिकटून उभी होती. ते संपल्यावर म्हणाली, "आमच्यात एक कुदळ व्हती. मोडली." तिच्या पाठीमागून कुदळीचा दांडा वीतभर वर आलेला दिसत होता. तो आम्ही पाहिलेला तिने पाहिला. आम्ही पुढच्या दाराला गेलो.

रोपं मात्र लोक सढळ हाताने देत. त्यात शेवग्याच्या फांद्या इतक्या, की गाडीत बसायला जागा राहीना. प्रत्येक घरी नेमका शेवगाच द्यायला का आहे, हे मला कळेना. एका म्हाताऱ्याने सांगितलं, तेही गाडी वेशीबाहेर गेल्यावर मागून ओरडून, "दारात लावू नगा रं! दारातला शेवगा घराला चांगला न्हवं!" तेव्हा उलगडा झाला. त्याशिवाय हळदीचं बेणं मिळालं, केळीचे मुनवे मिळाले, आणि एका घरातून निवडुंगाची अख्खी कुंपणकाठी मिळाली, ती त्यांना पंधरा वर्षं उपटता येत नव्हती. मी गाडीकडे बघून वकिलांना म्हटलं, "आपल्याला लोक देतायत की आपल्याकडे टाकतायत?" ते म्हणाले, "मास्तर, तुमचा स्वभाव संशयी आहे." तो होताच.

लोखंडाचं पहिलं दान आमच्याच गावच्या पोलीस पाटलाने दिलं. दान म्हणणं बरोबर नाही. तो एका मंगळवारी स्वतःच रानात आला, हातात एक जाड पहार.

"तुमी लोखंड गोळा करताय म्हनं."

"होय," वकील म्हणाले.

"पहार लागती का?"

"लागते की."

"कशाला?"

"खड्डे खणायला. झाडांसाठी."

"कंची झाडं?"

"शेवगा."

पाटलाने गाडीकडे पाहिलं. शेवगा पाहून त्याचा संशय वाढला असावा. कारण इतका शेवगा कुणी मनापासून लावणार नाही. तो म्हणाला, "रूळ इथनं किती लांब?"

"आम्ही मोजलं नाही."

"मी मोजलंय," पाटील म्हणाला. "ही पहार ठेवा. हिच्या टोकापासनं चार बोटं खाली तीन खुणा मारल्यात कानशीनं. कुटं गावली तर वळखू येईल. मी अधनंमधनं बघाया यीन." पहार त्याने वकिलांच्या हातात दिली, हाताचा नीट घट्ट दाब देऊन, आणि निघाला. जाताना म्हणाला, "चोरीला गेली म्हनू नगासा. तसलं मला लय जन सांगत्यात."

वकिलांनी ती पहार रानात बांधलेल्या आमच्या खोपटाच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. तिला हात लावायला आम्हाला दोघांनाही भीती वाटे.

महिना असाच गेला. मग वकिलांना युक्ती सुचली. दारोदार फिरण्यापेक्षा एका ठिकाणी बसावं, लोकांनी आणून द्यावं. ठिकाण, मारुतीचं देऊळ. पाराला सावली चांगली. वार, शनिवार, त्या दिवशी सगळा गाव देवळात येतो. यात मला काही खोट दिसली नाही, आणि मी खोट शोधत नव्हतो असं नाही. आम्ही पारावर एक गोणपाट पसरलं. थंडी होती म्हणून वकिलांनी कोर्टातला काळा कोट चढवला. कपड्याची टंचाई होती, दुसरा कोट नव्हता. मी पत्रकं वाटायला सुरुवात केली. ती कुणी वाचत नव्हतं. लोक आधी कोटाकडे, मग गोणपाटाकडे, मग एकमेकांकडे बघत होते.

पहिला आला तो एक मध्यमवयाचा शेतकरी. त्याने मोडका फाळ आणला. हातात न देता गोणपाटावर ठेवला, त्यावर पळीभर तेल ओतलं, शेजारी काळ्या फडक्यात बांधलेले उडीद ठेवले, हात जोडले आणि वळून चालू लागला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

"बघा," वकील म्हणाले, "गंज चढू नये म्हणून तेल लावून देतोय. अवजारावर माया असते ती ही."

त्यांच्या बोलण्याला उत्तर म्हणून पाठोपाठ आणखी तिघं आली. पुढच्या शनिवारी दहा-बारा. त्याच्या पुढच्या शनिवारी शेजारच्या दोन गावांतून लोक चालत आले. ज्या बाईची कुदळ मोडली होती तिने ती न मोडलेली आणून ठेवली. विळे, खुरपी, कढयांचे कान, घोड्याचे नाल, एक तुटकी बेडीसुद्धा. सगळं तेलात भिजलेलं, सगळ्याबरोबर उडीद. उडदाची आम्ही आमटी करून खात होतो. ती आमच्या वस्तीतली पहिली पुरेशी गोष्ट.

एका शनिवारी एक उंच, मुका वाटावा असा गप्प माणूस बैलगाडीचा आख्खा लोखंडी आस खांद्यावर घेऊन आला. सरळ, जाड, न वाकलेला. विहिरीच्या चाकाला कणा करायला याच्याहून चांगला तुकडा जिल्ह्यात नव्हता. तो खाली ठेवून तो गेला तेव्हा वकिलांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो आस दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला.

मला मात्र चैन पडेना. काल कुदळ लपवणारे आज नांगराचा फाळ देतात, ते का? सगळ्याबरोबर तेल आणि उडीदच का येतात? देणारा मागे वळून का बघत नाही? आणि पाणंदीत आमची गाडी समोरून आली की बायका पोरांना आडोशाला का ओढतात? मी पुष्कळ विचार केला. चोरीचा माल असावा आणि आमच्याकडे जिरवला जात असावा, हा पहिला संशय. भूमिगत मंडळी आमच्या नावाने हत्यारं साठवत असावीत, हा दुसरा. पाटलानेच आम्हाला अडकवायला गावाला पढवलं असावं, हा तिसरा, आणि तो मला फार पटत होता. माझं वाचन बरं होतं. इंग्रजी, संस्कृत, राज्यशास्त्र, थोडा रशियाचा इतिहास. पंचांग तेवढं मी कधी उघडलं नव्हतं.

पाडवा तीन आठवड्यांवर आला. सुभेदारांचा पुतण्या एकदा येऊन रानाच्या बांधावरून पावलं टाकून गेला, मोजत होता. खिशातलं पोस्टकार्ड मऊ पडलं होतं. आम्ही सगळं लोखंड गाडीत भरलं आणि पलूसच्या एका लोहाराकडे नेलं.

लोहार भात्याजवळ बसला होता. गाडी थांबल्यावर उठला, वाकून आत पाहिलं, आणि पुढे केलेला हात मागे घेतला. मग सांडशीने एक विळा उचलून नाकाजवळ नेला.

"कुटनं आनलं?"

"लोकांनी दिलं," वकील म्हणाले.

"हातात दिलं का खाली ठेवलं?"

"खाली ठेवलं."

"माघारी बगितलं त्येनी?"

"नाही."

"वार कंचा?"

"शनिवार," मी म्हणालो. एवढं बोलेपर्यंत माझ्या डोक्यात काहीतरी हलायला लागलं होतं.

"समदं शनवारचं? मारुतीच्या म्होरं बसून? आन ह्यो कोट घालून?"

"थंडी होती," वकील म्हणाले.

लोहाराने विळा गाडीत टाकला आणि सांडशी धुळीत दोनदा घासली. "आरारारा! आवं मास्तर, शिकल्यालं मानूस तुमी! तीन गावची साडेसाती गाडीत भरलीसा आन माज्या दारात आनून वतताय व्हय? आमी म्हनत हुतो, ह्ये नवं शनीचं मागनारं कोन आलं. जुना तेलवाला तरी नुसतं तेल न्हेतो. तुमी तर लोखंड बी न्हेताय, आन बोलवून न्हेताय. लोकांस्नी कुटलं असलं मानूस गावायला!"

मागे दारात त्याची बायको उभी होती. तिने विचारलं, "अगं बया! उडीद बी घेतलं?"

"घेतले."

"काय केलं त्येंचं?"

"आमटी," मी म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावला. कीव आली म्हणून की हसू आलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

वकिलांनी स्वतःला सावरलं. "हे बघा, लोखंड हे एक मूलद्रव्य आहे. त्याला ना रास असते ना ग्रह. भट्टीत घातलं की सगळं सारखंच."

"लोखंडाला नसंल ग्रह. मला हाय," लोहार म्हणाला. "ह्ये माज्या भट्टीत गेलं अशी कुनकुन लागली तर उद्यापासनं यक बी कुळवाडी फाळ घिऊन माज्याकडं यायचा न्हाई. मंग तुमी पोसनार का मला, तुमच्या शेवग्यावर?"

"निदान हा आस तरी," वकील काकुळतीला येऊन म्हणाले. "हा तर नवा दिसतो."

"त्यो? त्या गाडीचा आस व्हय त्यो, जी वड्यात उलाटली. बैल जाग्याव गेला, मालकाचा पाय मोडला. गावात कोन शिवत न्हाई त्येला. तुमी तेवडा मिठी मारून उचललासा, समद्यांनी बगितलंय."

वकिलांनी हळूच कोटाची पुढची बाजू झटकली. एवढा विज्ञाननिष्ठ माणूस. पण हात त्यांचा त्यांनाच आवरला नाही.

मी वाद घातला नाही. लोहाराचं म्हणणं ग्रहांबद्दल खोटं असेल, पण गिऱ्हाइकांबद्दल अगदी खरं होतं. आम्ही कुंडलच्या लोहाराकडे गाडी वळवली. तो दार लावून परगावी गेल्याचं त्याच्या आईने सांगितलं. आतून भात्याचा आवाज येत होता.

परतताना रानाकडे न वळता मी पुन्हा थेट पलूसच्या भट्टीशी गाडी उभी केली. सांगलीच्या शाळेत बाई पाडव्यापर्यंतच थांबणार होत्या. मी म्हणालो, "दादा, मोट चालली नाही तर माझी बायको येत नाही. शनीचं राहू दे. दुसरं काही सुचतं का बघा." हे मी वकिलांसमोर पहिल्यांदाच बोललो. ते दुसरीकडे बघू लागले.

लोहाराने पुन्हा गाडीत पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ. मग कडेला उभ्या केलेल्या पहारेवर त्याची नजर थांबली. ती आम्ही बरोबर आणली होती, कारण मागे ठेवून ती चोरीला गेली असती तर आमची धडगत नव्हती.

"ही कंच्या शनवारची?"

"ही मंगळवारची. पाटलांनी दिली."

"दान दिली?"

"नाही. संशयाने दिली. आम्ही रूळ उखडू म्हणून. खूण करून दिलीय."

"खाली ठेवली का हातात दिली?"

"हातात. चांगली दाबून."

लोहार पुढे झाला आणि त्याने ती पहार उघड्या हाताने उचलली. बोटाने ठोकून पाहिली. "मंग ही चोख हाय," तो म्हणाला. "टोक कापलं, वाईच गोल केली, का कना हुतोय. घिऊन या पाटलाला. त्येच्या बिगर मी हात लावायचा न्हाई."

पाटील घरी जेवत होता. जेवून होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो.

"पहार कापायची आहे," मी म्हणालो.

"खून घालवायची हाय?"

"खूण तशीच राहील. दुसरं टोक कापायचंय. विहिरीच्या चाकाला कणा करायचाय."

"म्हंजे पहार हीरीवर दिसनार. कायमची?"

"कायमची."

पाटलाने सुपारी कातरली. पहार कायमची एका जागी, उघड्यावर, कुणालाही बघता येईल अशी बसणार, यात काय डाव आहे ते त्याला सापडत नव्हतं. सापडत नाही म्हणून तो जास्तच अस्वस्थ झाला. "कापल्यालं टोक कुटं जानार?"

"लोहाराकडं पडेल."

"तिथनं कुटं जानार?"

शेवटी तो स्वतःच भट्टीवर आला. पहार तापवली, कापली, ठोकली, तोवर तो घडवंचीवर बसून होता. तुटलेलं वीतभर टोक थंड झाल्यावर त्याने ते रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं. लोहार म्हणाला, "पाटील, त्येचं काय करनार?" पाटील म्हणाला, "ह्ये माज्याकडं. बाकीचं त्येंच्याकडं. दोनी जुळली का झालं."

कणा बसला. धाव आम्ही हातांनी भरून घेतली, त्यासाठी सुभेदारांची हळद उकडायला दोघांनी आठ दिवस दिले. वकिलांच्या हातांना फोड आले, पण त्यांनी ते कुणालाही दाखवले नाहीत. मला त्यांचं कौतुक वाटलं अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बैल धावेवरून उतरले, चाक करकरलं, आणि मोट वर येऊन थारोळ्यात उपडी झाली. पाणी गढूळ होतं. मी तार करायला स्टेशनवर चालत गेलो. रुळाच्या कडेने जावं लागलं. कुणी बघतंय का म्हणून मी दोनदा वळून पाहिलं.

बायको पाडव्याला दुपारच्या गाडीने आली. मला वाटलं होतं ती घर बघेल, निदान माझ्याकडे बघेल. ती ट्रंक वाटेतच ठेवून सरळ विहिरीवर गेली आणि एक मोट येईपर्यंत उभी राहिली. मग दुसरी येईपर्यंत. पहिलं पाणी कुणी आधी भरून ठेवलं असेल, असा तिला संशय असावा. तिसरी मोट रिकामी झाल्यावर तिने थारोळ्यात हात घातला.

विहिरीच्या पलीकडे पाटील उकिडवा बसून कण्याकडे बघत होता.

"हे कोण?" तिने विचारलं.

"आमचे देणगीदार," मी म्हणालो.

"आणि तो ढीग?"

बांधावर शनिवारचं लोखंड रचून ठेवलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, उडदाचंही. ती बराच वेळ हसली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला पंचांग विकत घेऊन देते." शाळेची जागा तिने त्याच संध्याकाळी पत्र लिहून सोडली. ते पत्र मी पोस्टात टाकायला निघालो तर तिने ते माझ्याकडून परत घेतलं आणि स्वतः जाऊन टाकलं.

ढिगाला कुणी हात लावला नाही. पुढच्या चार वर्षांत आमच्या रानात ना चोर आला, ना कुणाचं जनावर घुसलं. गुराखी बांधाला वळसा घालून जात. निवडुंगाचं कुंपण लावायची गरजच पडली नाही. मात्र फाळ, विळे, खुरपी सुभेदारांकडून मागूनच आणावी लागत, आणि त्या बदल्यात आम्ही त्यांच्या हळदीला, उसाला, मळणीला जात असू. शेवगा जगला. तो आम्ही विकू शकलो नाही आणि खाऊन संपवूही शकलो नाही. वकील दीड वर्षाने साताऱ्याला परतले; काळा कोट त्यांनी जाताना सोडाखारात धुवून घेतला.

पाटील पंधरवड्याला येत राहिला. यायचा, विहिरीच्या कठड्यावरून वाकून तीन खुणा मोजायचा, माझ्या बायकोच्या हातचा चहा घ्यायचा. चहा घेताना पेल्यातही बघायचा. माणूस संशयी असला तरी नेमाचा होता, आणि लढाई संपली, भूमिगत मंडळी बाहेर आली, त्यांचे गावोगाव सत्कार झाले, तरी त्याने एक खेप चुकवली नाही.

देश स्वतंत्र झाला त्या महिन्यात तो आला, तो बरोबर लोहाराला घेऊन. पाऊस होता, मोट बंद होती.

"मास्तर, पहार न्ह्यायला आलोय."

"का?"

"आता रूळ आपलंच झालं. तपास बंद. वस्तू जागच्या जागी परत द्यायची."

लोहाराने चाक उतरवून कणा काढला. माझी बायको दारातून बघत होती. पाटलाने आतल्या खिशातून रुमाल काढला, वीतभर टोक कण्याला लावून पाहिलं, जुळलं. मग त्याने एक कागद पुढे केला आणि मी त्यावर सही केली: पहार एक, खुणा शाबूत, दोन तुकड्यांत, लांबी पूर्ण.